रात्रपाळीला बदली माणूस नाही

अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, लकवा मारलेल्या म्हाताऱ्याला ओपीडीत घेऊन येणारं माणूस बहुतेक वेळा बाई असते: सून, लेक किंवा त्याच्याइतकीच थकलेली बायको. तिला जे विचारलं जातं ते सगळं त्याच्याबद्दलचं. गोळ्या वेळेवर देता का? पोट साफ होतं का? पाठीला जखम आहे का? रात्री झोपतात का? "नाही झोपत" म्हटलं की झोपेची गोळी लिहून मिळते, त्याच्यासाठी. तो रात्रभर जागा असतो म्हणजे तीही जागीच असते, हे केसपेपरवर येत नाही. तिच्या दंडाला बीपीचा पट्टा कुणी बांधत नाही. आणि एखाद्या शिकाऊ डॉक्टरने आपुलकीने विचारलंच, तर ती म्हणते, "मले काय होते? तुमी त्याइले पाहा."

म्हाताऱ्यांना सांभाळणारी माणसं आतून कशी संपत जातात, ते वेळीच ओळखता कसं येतं आणि टाळता येतं का, याचा हा आढावा आहे, आणि तो अमरावती-अकोल्याकडे पाहून घेतलेला आहे. या थकव्याकडे आपण स्वभावाचा, संस्काराचा, फार तर मनोबलाचा प्रश्न म्हणून बघतो. सासऱ्याचं करणं सुनेच्या जिवावर आलं, असं बोललं जातं. मुलगा चिडला की तो नालायक ठरतो. मला हा मुळात तासांचा हिशेब वाटतो. दवाखान्याच्या वॉर्डात याच पेशंटसाठी तीन पाळ्यांना तीन सिस्टर असतात. सुट्टी मिळून तो घरी आला की तिन्ही पाळ्या एकाच नावावर चढतात, आणि त्या नावाला साप्ताहिक सुट्टी नसते.

आधी आवाका पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक ९.९ टक्के होते, देशात ८.६ टक्के. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच गेलं आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. तिच्याशी जोडलेल्या अभ्यासातून २०२३ मध्ये जो अंदाज आला तो असा, की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये प्रमाण जास्त आणि, आपल्या समजुतीच्या उलट, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

खेड्यात हा आजार म्हातारचळ म्हणून सोडून दिला जातो. त्यामुळे सांभाळणारीला आपण आजारी माणसाला सांभाळतोय हेच ठाऊक नसतं. तिला वाटतं, बुढी मुद्दाम करते. जेवण करून अर्धा तास होत नाही तोच "सुनेनं मले उपाशी ठेवलं" असं शेजारणीला सांगणारी सासू त्या सुनेची गावभर बदनामी करत असते. कपाटाची किल्ली कुठेतरी ठेवून चोरीचा आळ घेते. संध्याकाळ झाली की गोंधळ आणि घालमेल वाढते, "माह्या घरी जातो" म्हणून स्वतःच्याच घराच्या दाराशी जाऊन बसते. निदानाचा कागद हातात पडल्याने आजार बरा होत नाही, पण राग बराच ओसरतो. म्हणून मी तर म्हणेन, स्मृतिभ्रंशाचं वेळेवर निदान हा अर्धा उपचार सांभाळणाऱ्यावरचा आहे.

बर्नआउट ही संकल्पना वैद्यकात आली ती पगारी कामाच्या निमित्ताने. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल लिहिताना ती मांडली. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तिची तीन अंगं सांगितली: अंगातलं आणि मनातलं त्राण संपणं, ज्याच्यासाठी राबतो त्याच्याविषयी कोरडेपणा येणं, आणि आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट आहे, पण तिथे स्पष्ट म्हटलं आहे की ही अवस्था फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात धरावी. म्हणजे अकोल्याच्या बँकेतला कॅशियर या व्याख्येत बसतो आणि नऊ वर्षं सासूचे डायपर बदलणारी त्याची बायको बसत नाही. घरच्या सांभाळणाऱ्यांसाठी वेगळं मोजमाप आहे. अमेरिकेतले स्टीव्हन झरीट यांनी १९८० मध्ये तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या रूढ आवृत्तीत बावीस प्रश्न आहेत. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, त्यांच्याजवळ असताना राग येतो का, आपली तब्येत यात खालावली असं वाटतं का, अशा साध्या प्रश्नांना 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत उत्तरं द्यायची. ओपीडीच्या बाकावर बसून दहा मिनिटांत भरून होईल असा हा कागद आहे.

शरीरावर परिणाम होतो का, याबाबत संशोधकांत मतभेद झाले आणि ते बोधक आहेत. १९९५ मध्ये ओहायोतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर छोटीशी, मोजून केलेली जखम करून पाहिली. ती भरायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ मध्ये शुल्झ आणि बीच यांनी दाखवलं की म्हाताऱ्या जोडीदाराला सांभाळताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण न सांभाळणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होतं. हा आकडा खूप गाजला. पण २०१३ मध्ये रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या पाहणीतून उलटंच मांडलं: घरच्यांना सांभाळणारे एकूणात इतरांपेक्षा कमी मरतात, १८ टक्क्यांनी कमी. दोन्ही खरं असू शकतं. १९९९ च्या अभ्यासातही सांभाळूनसुद्धा ताण न जाणवणाऱ्यांचा धोका तितका वाढलेला नव्हता. सांभाळणं माणसाला मारत नाही, कित्येकांना ते उभारीही देतं. कुणी हात न बदलता तेच वर्षानुवर्षं अंगावर पडत राहिलं की ते घातक होतं.

आता वऱ्हाडात या. इथे तास कशात जातात हे पाहिल्याशिवाय पुण्या-मुंबईच्या पुस्तकातला सल्ला उपयोगाचा नाही. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. २०२४ च्या मे महिन्यात उष्म्यापायी जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावलं होतं. अशा दिवसांत बाजेवर पडलेल्या माणसाच्या पाठीखालची चादर घामाने दोन तासांत ओली होते. कुलरच्या टाकीत पाणी भरायचं, लाईट गेली की पुठ्ठ्याने वारा घालायचा, थोडंथोडं पाणी पाजत राहायचं, कारण म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. आणि पाणी तरी कुठे रोज येतं? शहरात नळ काही दिवसांआड. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोट-तेल्हारा-बाळापूर-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, भूजल खारं, त्यात साबणाला फेस येत नाही. अंथरुणात लघवी करणाऱ्या माणसाचे दिवसाचे पाच-सहा कपडे आणि दोन चादरी अशा पाण्यात धुणं हे काय काम आहे, ते करणाऱ्या बाईच्या मनगटांना विचारावं.

शिवाय शेतीचं वेळापत्रक आहे. मृगाच्या पेरणीपासून निंदण, फवारणी, ऑक्टोबरातलं सोयाबीन, मग संक्रांतीपलीकडे जाणारी कापसाची वेचणी. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बहार. शेतात न जाणं परवडत नाही. मग म्हाताऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि भाकर ठेवून दाराला बाहेरून कडी लावली जाते. शहरात हे ऐकणाऱ्याला क्रूर वाटतं. दिवसाच्या मजुरीकडे पाहिलं की कळतं, त्या कडीला पर्याय कुणी दिलेला नाही. शेतात दिवसभर वाकून आलेल्या पाठीवरच मग रात्रीची उचल-ठेव येते. मेळघाटात तर दवाखानाच इतका लांब, की तिथल्या सांभाळणाऱ्यांवर वेगळा लेख लागेल.

कोण सांभाळतं, याचं उत्तर घराघराला माहीत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ७६ मिनिटं. आणि बिनपगारी घरकामात बायकांचा २९९, पुरुषांचा ९७. देखभालीत मुलंही मोजलेली आहेत, म्हाताऱ्यांचा आकडा वेगळा काढलेला नाही. पण वऱ्हाडात आता दुसरंही चित्र दिसतं. लग्न न जमलेले पस्तिशी-चाळिशीतले शेतकरी मुलगे आईला एकट्याने सांभाळत आहेत. भाकरी थापण्यापासून आईची वेणी घालण्यापर्यंत सगळं शिकलेले. आईला न्हाऊ घालताना त्यांना आणि तिला दोघांनाही जो संकोच होतो, तो बोलायलाही त्यांना जागा नाही; पानठेल्यावर खर्रा घोटताना हा विषय निघत नाही, खर्ऱ्याच्या पुड्या मात्र वाढतात. आणि कर्त्या मुलाने आत्महत्या केलेल्या घरात विधवा सून सासू-सासऱ्यांना सांभाळते, कर्जाचे हप्तेही तिच्याच डोक्यावर.

नोकरीवाल्या घरांत वेगळी वाटणी होते. एक मुलगा गावात, एक हिंजवडीला, मुलगी लग्न होऊन नागपुरात. गावातला करतो, पुण्यातला पैसे पाठवतो. हे वाटप वाईट नाही. फिसकटतं ते पुण्यातला चार दिवसांसाठी येतो तेव्हा. "बाबा एवढे वाळले कसे? दुसरा डॉक्टर का नाही दाखवला?" १९९१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी एका लेखात दूरवरून येऊन ऐनवेळी सगळे निर्णय उलटवू पाहणाऱ्या नातलगाला 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असं नाव दिलं होतं. आपल्याकडे ती अंबा एक्स्प्रेसने बडनेऱ्याला उतरते, आणि १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याला मुंबईचं विमान सुरू झाल्यावर त्यानेही येते. त्या एका प्रश्नाने गावातल्या वहिनीचं वर्ष मातीत जातं. बाहेरच्यांना त्याचा अंदाज नसतो. तिला पैशापेक्षा कुणीतरी "तू फार करतेस" म्हणायला हवं असतं, आणि त्याहूनही आठ दिवस सुट्टी हवी असते.

जिथे मुलगे गावातच आहेत तिथे म्हातारा-म्हातारीच वाटून घेतात: बाप एकाकडे, माय दुसऱ्याकडे, किंवा महिन्या-महिन्याची पाळी. पाळीची पद्धत मला तत्त्वतः चुकीची वाटत नाही, सांभाळणाऱ्याला त्यात खरोखर उसंत मिळते. पण पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या दोघांना वेगळं करणं, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दर महिन्याला नव्या भिंती दाखवणं, यात म्हाताऱ्यांचे हाल होतात. उलटी पद्धत करावी: म्हातारी माणसं एका जागी राहावीत आणि सांभाळणारे पाळीने तिथे यावेत. हे करणारी घरं आहेत, फक्त तिथे भावाभावांत शेताच्या धुऱ्यावरून बोलणं बंद झालेलं नसतं.

आपल्या नाटकांनीही या बाबतीत एकच बाजू लावून धरली. 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगमंचावर आलं आणि तेव्हापासून प्रेक्षकाचं सगळं रडू अप्पासाहेब बेलवलकरांसाठी राखून ठेवलेलं आहे. तो नाटकाचा दोष नव्हे, शोकांतिकेला नायक एकच लागतो. पण सांभाळणाऱ्या पिढीचं जगणं पडद्यावर नीट यायला २०१३ चा 'अस्तु' उजाडावा लागला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृतच्या प्राध्यापकाची लेक त्याला काही मिनिटांसाठी गाडीत ठेवून कामाला जाते आणि तो हत्तीच्या मागे निघून जातो. त्या काही मिनिटांबद्दल ती स्वतःला जे बोलते, ते सांभाळणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

ओळखायचं कसं? साधी दमणूक आणि हे मोडून जाणं यांत एक ढोबळ फरक आहे. दोन रात्री सलग झोप मिळाली आणि माणूस पुन्हा हसायला लागलं, तर ती दमणूक होती. झोपूनही सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर पुढे पाहायला हवं. पहिली खूण बहुधा स्वतःच्या औषधांत दिसते. म्हाताऱ्याच्या नऊ गोळ्या डबीत वारानुसार लावणारी बाई स्वतःची बीपीची गोळी आठ-आठ दिवस विसरते, छातीत धडधड, गुडघा, कंबर सगळं अंगावर काढते. मग चिडचिड येते, आणि ती चुकीच्या माणसावर निघते, म्हणजे पोरांवर. लग्नकार्याला जाणं बंद होतं. आधी जाता येत नाही म्हणून, नंतर जावंसं वाटत नाही म्हणून. पाहुणे येणार म्हटलं की पोटात गोळा येतो. आतल्या खोलीतून हाक आली की ऐकूनही माणूस काही क्षण जागचं हलत नाही.

त्याहून गंभीर खूण म्हणजे काहीच न वाटणं. म्हातारा कण्हतो आणि आपल्याला वाईटही वाटत नाही, हात यंत्रासारखे चालतात. आणि मग तो विचार, जो कुणी कुणाला सांगत नाही: आता सुटले तर बरं. हा विचार येणारं माणूस दुष्ट नसतं. लांबलेल्या आजारपणात तो जवळपास प्रत्येकाच्या मनात कधीतरी डोकावतो, आणि पाठोपाठ अपराधीपणा येतो. डॉक्टरांनी आणि नातलगांनी हे आपणहून बोलून टाकलं, तर निम्मं ओझं तिथेच उतरतं. मात्र 'त्यांची सुटका' जाऊन 'माझी सुटका' सुरू झाली, आपण नसलो तर बरं असं वाटू लागलं, सलग दोन आठवडे उदासी, भूक-झोप मोडणं, कशातच रस न वाटणं असं चाललं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला सल्ला नको, उपचार हवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि एक खूण घरच्यांनी दडवू नये अशी. हात उगारला जाणं, मुद्दाम उशिरा जेवायला देणं, ओलं अंथरूण तसंच ठेवणं, मनगट बाजेला बांधणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागतो, आणि सांभाळणाऱ्याचा ताण हे त्यामागच्या कारणांपैकी एक आहे. कारण कळलं म्हणून कृत्य माफ होत नाही. पण ज्या सुनेने एकदा सासूला चापट मारली आणि मग जी रात्रभर रडली, तिच्याकडे पोलिसाच्या आधी कुणीतरी चार तासांसाठी बदली माणूस घेऊन जायला हवं होतं.

मदतीला पैसे देऊन माणूस ठेवणं हा मध्यमवर्गाचा मार्ग आता अमरावती-अकोल्यातही रुळला आहे. ब्युरोतून बारा तासांसाठी मावशी किंवा ब्रदर मिळतो. शिक्षकाच्या निम्म्या पगारात दिवसपाळी बसते, रात्रपाळी बसत नाही, म्हणून रात्र घरच्यांच्याच वाट्याला राहते. खरं तर आधी विकत घ्यायला हवी ती रात्र. सलग झोप मिळालेलं माणूस दिवसा पुष्कळ झेपवू शकतं. या मावश्यांपैकी बहुतेकींना कुणी शिकवलेलं नसतं, नाकातल्या नळीतून भरवणं त्या घरोघरी पाहून शिकतात. त्यांचं स्वतःचं काय? दिवसभर परक्या म्हाताऱ्याचं करून त्या घरी जातात तिथेही एखादी म्हातारी वाट पाहत असते. त्यांना भरपगारी सुट्टी नाही, पाठ धरली तर काम गेलं. वृद्धाश्रमांचा पर्याय नावाला आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेश देताना माणूस स्वतःचं स्वतः करणारं असावं अशी अट असते, म्हणजे जिथे खरी गरज सुरू होते तिथेच दार बंद.

सरकारने काही केलेलं नाही असं म्हणता येणार नाही. श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्या निराधाराला महिना १५०० रुपये मिळतात. २०२४ च्या वयोश्री योजनेत काठी, कमोडची खुर्ची, कंबरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता उपविभागीय अधिकाऱ्यांकडे मागता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने दिलेली जमीन, अट मोडली तर, परत घेता येते. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. या सगळ्यात एक माणूस सापडत नाही: सांभाळणारं. कायदा त्याला कर्तव्य चुकवलं तर ओळखतो, सोडून दिल्यास तीन महिने कैदेची तरतूद आहे. कर्तव्य पार पाडताना ओळखत नाही. योजनेला नाव श्रावणबाळाचं, पण पैसा आंधळ्या आईबापांच्या नावावर. केंद्राच्या नोकरीतल्या बाईला मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, सासऱ्याच्या लकव्यासाठी तिला स्वतःची अर्जित रजाच मोडावी लागते.

२०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांची ओपीडी, दहा खाटांचा वॉर्ड, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट आणि घरच्या सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण हे सगळं लिहिलेलं आहे. यातलं शेवटचं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. एका दुपारी शिकवून होण्यासारखं आहे ते: माणसाला बखोटीला धरून न ओढता खाली आडवी चादर घालून दोघांनी सरकवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, बाज बुटकी असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे देऊन कंबरेच्या उंचीला आणणं, हवेची गादी कधी लागते, घास अडकू नये म्हणून डोकं किती उंच ठेवायचं. कंबर वाचली की माणूस वर्षभर जास्त टिकतं.

केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण आणलं आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघरी जाऊ लागल्या. शिवाय अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्याच्या हाती महिना ६०० रुपये देणारी योजना त्या राज्यात आहे. रक्कम किरकोळ, पण सरकारच्या यादीत त्याचं नाव चढलं हे मोठं. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून दीर्घकालीन देखभालीचा विमाच काढला. जर्मनीत घरचा सांभाळणारा सुट्टीवर गेला तर वर्षातले काही आठवडे बदली माणसाचा खर्च विमा उचलतो. हे आपल्याला उद्या जमणार नाही. बदलीची कल्पना मात्र अकोल्याला नवी नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला येतं, शेकडो भरण्यांच्या कावडी अठरा-एक किलोमीटर चालत येतात, आणि वाटेत खांदे सतत बदलत राहतात. एकाच खांद्यावर कावड आणण्याचा नवस कुणी बोलत नाही.

घराच्या पातळीवर सुरुवात वहीने करावी. आठवडाभर कोण किती वाजता काय करतं ते लिहून काढलं, की भावाबहिणींच्या बैठकीत भांडण कमी आणि हिशेब जास्त होतो. "काही लागलं तर सांग" हे वाक्य बंद करून "दर दुसऱ्या शनिवारी मी नागपूरहून येते, रविवारी संध्याकाळी जाते" असं ठरावं. पुण्यातल्याने दरमहा रात्रपाळीच्या माणसाचे पैसे नेमाने द्यावेत आणि वर्षातून दोनदा पंधरा दिवस स्वतः येऊन सगळं करावं. डायपर बदलल्यावर सल्ले आपोआप कमी होतात. नातीला-नातवाला शाळेनंतर तासभर आजोबांजवळ बसवणं यात पोरांचं नुकसान नाही. आणि मिळालेल्या दोन तासांत सांभाळणारीने घरातलं तुंबलेलं काम उपसू नये. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जावं, हळदीकुंकवाला जावं, किंवा नुसतं झोपावं.

एकमेकांशी बोलण्याची जागा हवी. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, सभांना दोघंही येतात आणि शुभंकरांचं म्हणणंही तितक्याच आस्थेने ऐकलं जातं. अमरावतीत, अकोल्यात असा गट उभा करायला इमारत लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांच्या खोल्या आहेत, महिला बचत गट आहेत. प्रेरणा प्रकल्पातून २०१५ पासून या दोन्ही जिल्ह्यांत आशाताई शेतकरी कुटुंबांत जाऊन मनाची विचारपूस करत आल्या आहेत. त्यांच्या प्रश्नांत एकाची भर घालावी: घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, आणि त्याचं कोण करतं? मात्र तेवढ्या भेटींचा मोबदला आशांना आधी द्यावा, नाहीतर एका दमलेल्या बाईने दुसरीची नोंद घेणं एवढंच होईल.

म्हातारं माणूस गेल्यानंतरचा काळ कुठल्याच योजनेत नाही. तेरवी होते, पाहुणे जातात, ब्युरोची मावशी दुसऱ्या घरी लागते. दहा वर्षं दर दोन तासांनी उठणारीची झोप तिसऱ्या दिवशी सुरळीत होत नाही, ती महिनोन्‌महिने ठरलेल्या वेळी जागी होते. लोक म्हणतात, सुटलीस. सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेली, लग्न न केलेली मुलगी तोवर पन्नाशीला आलेली असते. घर भावाच्या नावावर, हातात अनुभवाचा दाखला नाही. जर्मनीच्या विम्यातून अशा सांभाळणाऱ्याच्या नावाने पेन्शनचा हप्ता भरला जातो. आपल्याकडे निदान इतकं करता येईल: अनेक रुग्णांना सांभाळून तयार झालेल्या मावशीपेक्षा एकाच रुग्णाला दहा वर्षं सांभाळून तयार झालेल्या या बाईला कमी येत नाही, तेव्हा जिल्हा रुग्णालयाने तिची महिनाभर परीक्षा घेऊन गृहपरिचर्येचं प्रमाणपत्र द्यावं. पुन्हा कुणाचं अंथरूण बदलायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं. शिकवायला गेली तरी पुष्कळ झालं.